खेळ संपल्यानंतरचा हिशेब

'फुटबॉल' हा शब्द कानीं पडतांच आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें पायानें टोलविला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत मात्र याच नांवानें चालणारा खेळ अगदीं निराळा आहे. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता; तो पायांपेक्षां हातांनींच अधिक खेळला जातो; आणि अकरा-अकरा गडी शिरस्त्राणें घालून व खांद्यांवर गाद्या बांधून एकमेकांवर अक्षरशः आदळतात. या खेळाच्या धंदेवाईक संघांची प्रमुख संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. तिच्यांत बत्तीस संघ आहेत. सप्टेंबरपासून जानेवारीच्या आरंभापर्यंत प्रत्येक संघ सतरा सामने खेळतो. त्यांतील सरस संघांच्या बाद फेऱ्या होतात, आणि फेब्रुवारींत 'सुपर बोल' नांवाचा अखेरचा सामना होऊन हंगाम आटोपतो. त्यानंतर ऑगस्टमधील सरावाचे सामने सोडले, तर पुढील सप्टेंबरपर्यंत मैदानावर खरा सामना म्हणून एकही होत नाहीं.

या रिकाम्या सात महिन्यांत तेथील वृत्तपत्रांनीं क्रीडेचें पान बंद ठेवावें, असें कोणास वाटेल. प्रत्यक्षांत तें पान याच काळांत तुडुंब भरतें. कोणास ठेवावयाचें, कोणास जाऊं द्यावयाचें, कोणास नव्यानें आणावयाचें, हे निर्णय फेब्रुवारी ते ऑगस्ट या अवधींत होतात, आणि पुढील हंगामाचें यशापयश पुष्कळ अंशीं तेथेंच ठरून जातें. हे निर्णय केवळ खेळाडूच्या कौशल्यावरून होत असतील असा सामान्य समज आहे. कौशल्य पाहिलें जातें हें खरें. पण त्याच्या शेजारीं एक खतावणी उघडलेली असते, आणि जेथें कौशल्याचें व खतावणीचें पटत नाहीं तेथें बहुधा खतावणीचीच सरशी होते. डेन्व्हर शहराच्या संघानें सन २०२४ मध्यें जे निर्णय केले, त्यांवरून ही गोष्ट फार स्वच्छ दिसते.

प्रथम त्या खतावणीचा नियम पाहूं. सन १९९४ पासून लीगनें प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर वरची मर्यादा घातली आहे. सर्व संघांचें मिळून जें उत्पन्न होतें, आणि त्यांत दूरचित्रवाणीच्या हक्कांचा वांटा फार मोठा असतो, त्याचा जवळजवळ निम्मा भाग खेळाडूंचा मानतात, आणि त्यावरून दरवर्षीं बत्तीसही संघांसाठीं एकच आंकडा ठरवितात. १९९४ सालीं तो सुमारें ३ कोटी ४६ लक्ष डॉलर होता. २०२४ सालीं तो २५ कोटी ५४ लक्ष डॉलर झाला. संघ न्यूयॉर्कसारख्या महानगराचा असो, कीं ग्रीन बेसारख्या लहानशा गांवचा असो, मर्यादा एकच. एखाद्या धनाढ्य मालकाला वाटेल तितका पैसा ओतून सगळे नामांकित खेळाडू आपल्या दारीं बांधून ठेवतां येऊं नयेत, हा तिचा हेतु. हेतु चांगला आहे, आणि तो बऱ्याच अंशीं सफलही झाला आहे.

पण मर्यादा आली कीं वजाबाकी आली. हंगामांत संघाच्या यादींत त्रेपन्न गडी असतात. त्यांतील एकाचें वेतन वाढविलें कीं तितकी रक्कम बाकीच्या बावन्नांच्या वांट्यांतून कमी होते. ज्या गृहिणीनें ठराविक पगारांत महिन्याची अखेर गांठली आहे, तिला हें अधिक फोड करून सांगावयास नको.

यावर संघांच्या चतुर हिशेबनिसांनीं एक तोड काढली आहे. खेळाडूशीं करार होतांना वेतनाखेरीज एक मोठी रक्कम त्याच्या हातीं सहीच्या वेळींच ठेवावयाची. पैसे त्याला लगेच मिळतात. मात्र लीगच्या वहींत ती रक्कम एकाच वर्षाच्या नांवें न मांडतां कराराच्या वर्षांवर, जास्तींत जास्त पांच वर्षांवर, सारखी वांटून मांडण्याची मुभा आहे. पांच कोटी दिले, तर दरसाल एक कोटी खर्चीं पडतो. यामुळें आजचा हात मोकळा राहतो. परंतु खेळाडूला मुदतीपूर्वीं काढून टाकलें, तर राहिलेले सगळे हप्ते एकदम अंगावर येतात. माणूस गेला, पैसे तर केव्हांच गेले, आणि तरीही त्याच्या नांवची रक्कम मर्यादेंतील जागा अडवून बसते. तेथें हिला 'मृत पैसा' म्हणतात. आपल्या पेढ्यांवरचा 'बुडीत' हा शब्द तिला जवळचा आहे, पण पुरता जुळत नाहीं. बुडीत रक्कम एकदां सोडून दिली कीं व्यापारी नव्या उद्योगास मोकळा होतो. ही रक्कम पुढच्या वर्षाच्या खर्चांत पुन्हां हजर असते.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास पाहिजे. तेथें पांच वर्षांचा करार म्हणजे पांच वर्षांची नोकरी नव्हे. करारांत जेवढ्या रकमेची हमी लिहिलेली असेल तेवढीच पक्की; बाकीचें वेतन, संघानें त्या त्या वर्षीं ठेवून घेतलें तर मिळावयाचें. संघाला खेळाडूस काढतां येतें. खेळाडूला आपण होऊन दुसरीकडे जातां येत नाहीं. त्याच देशांतील बेसबॉल व बास्केटबॉल या खेळांत कराराचें बहुतेक सगळें वेतन हमीचें असतें. जेथें हाडें मोडण्याचें भय सर्वांत अधिक त्याच खेळांत हमी सर्वांत कमी, ही व्यवस्था न्यायाची आहे असें म्हणवत नाहीं. वृत्तपत्रांत करारांचे जे डोळे दिपविणारे आंकडे छापून येतात, त्यांतील हमीचा भाग किती हें वाचणाऱ्यानें आधीं पाहावें.

आतां डेन्व्हरकडे वळूं. डेन्व्हर ही कोलोरॅडो राज्याची राजधानी, समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर वसलेली. तेथील 'ब्रॉन्कोज' संघानें फेब्रुवारी २०१६ मध्यें सुपर बोल जिंकला, आणि पुढच्याच महिन्यांत त्याचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग निवृत्त झाला. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक चालीच्या आरंभीं चेंडू त्याच्या हातीं येतो. समोरून सात-आठ फूट अंतरावर धिप्पाड गडी चाल करून येत असतां, तो कोणाकडे फेकावयाचा हें त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावें लागतें. ही जागा रिकामी असली कीं बाकीच्यांचे कष्ट वायां जातात. साहजिकच सर्वांत मोठें वेतनही याच जागेचें. मॅनिंगनंतर डेन्व्हरनें सहा हंगामांत एकामागून एक क्वार्टरबॅक उभे करून पाहिले. एकाही वर्षीं बाद फेरीचें दार उघडलें नाहीं.

तेव्हां मार्च २०२२ मध्यें संघानें एक धाडसी सौदा केला. सिअॅटल शहराच्या संघाचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याला त्यानें मिळविलें. विल्सन दहा वर्षें तेथें खेळला होता. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्यें त्याच्याच संघानें डेन्व्हरचा ४३ विरुद्ध ८ असा धुव्वा उडविला होता. त्याच्या मोबदल्यांत डेन्व्हरनें तीन खेळाडू दिले, आणि त्याहून मोलाची वस्तु म्हणजे पुढील दोन वर्षांचे पहिल्या व दुसऱ्या फेरीचे निवडीचे हक्क दिले. शिवाय पांचव्या फेरीचा एक.

हे निवडीचे हक्क म्हणजे काय, हें थोडें उलगडलें पाहिजे. विद्यापीठांतून बाहेर पडणारा तरुण खेळाडू आपल्या मर्जीनें संघ निवडूं शकत नाहीं. दर वर्षीं एप्रिलच्या सुमारास 'ड्राफ्ट' भरतो. त्यांत सात फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरींत संघ आपआपल्या क्रमानें एकेक तरुण निवडतात. मागील हंगामांत जो सर्वांत खालीं राहिला त्याचा क्रम पहिला. दुर्बळाला हात मिळावा ही कल्पना. १९३६ सालीं पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हां सर्वांत प्रथम निवडलेला गडी जे बर्वँगर यानें धंदेवाईक खेळ पत्करलाच नाहीं. इतका त्या काळीं या धंद्यांत पैसा थोडा होता! आज मात्र पहिल्या फेरींतील एक हक्क म्हणजे चार-पांच वर्षांचें भांडवल समजतात. ड्राफ्टमधील तरुणाचें वेतन २०११ पासून त्याच्या क्रमांकावरून ठरून गेलेलें असतें, आणि नामांकित खेळाडूच्या मानानें तें फारच कमी असतें. गुणी तरुण स्वस्तांत हातीं लागण्याचा मार्ग तोच. डेन्व्हरनें दिलेल्या हक्कांतून सिअॅटलनें पुढें चार्ल्स क्रॉस व डेव्हन विदरस्पून असे दोन खंदे गडी उचलले.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डेन्व्हर संघाची मालकी बदलली. वॉलमार्टच्या दुकानांनीं ज्यांचें नांव जगभर झालें त्या वॉल्टन घराण्यांतील मंडळींनीं तो ४६५ कोटी डॉलर देऊन विकत घेतला. आणि १ सप्टेंबर रोजीं, विल्सन डेन्व्हरसाठीं एकही सामना खेळला नसतां, त्याचा करार पांच वर्षांनीं वाढविण्यांत आला. वाढीव रक्कम २४ कोटी २६ लक्ष डॉलर. त्याच्या जुन्या कराराचीं दोन वर्षें अद्याप शिल्लक होतीं. एक हंगाम पाहून मग सही करण्यास कोणाची आडकाठी नव्हती; पण एवढें मोल देऊन आणलेल्या माणसाला ताटकळत ठेवणें नव्या मालकांना प्रशस्त वाटलें नसावें.

तो हंगाम फार वाईट गेला. सतरा सामन्यांत पांच जय. हंगाम पुरा होण्यापूर्वीं, डिसेंबरांतच, मुख्य प्रशिक्षकाला निरोप मिळाला. त्याच्या जागीं शॉन पेटन यांना आणलें. ते न्यू ऑर्लिअन्सच्या संघाशीं कराराने बांधलेले असल्यानें त्यांच्यासाठीं पुन्हां एक पहिल्या फेरीचा हक्क व पुढील वर्षाचा दुसऱ्या फेरीचा हक्क मोजावा लागला. तिजोरींतील शेवटचीं नाणीं अशीं प्रशिक्षकावर खर्च झालीं.

पेटन यांच्या हाताखालीं २०२३ सालीं विल्सनचा खेळ बराच सुधारला. त्याच्या फेकींवर सव्वीस वेळां गोलरेषा ओलांडली गेली, आणि प्रतिपक्षानें त्याचा चेंडू मध्येंच झेलला तो केवळ आठ वेळां. लीगमधील कितीएक संघांना असा क्वार्टरबॅक मिळता तर समाधान वाटलें असतें. तरीही हंगामाचे दोन सामने उरले असतां त्याला बसविण्यांत आलें, आणि येथें खतावणी प्रथमच उघडपणें मैदानावर आली.

त्याच्या करारांत एक कलम होतें. मार्च २०२४ मध्यें नवें वर्ष सुरू झाल्यापासून पांचव्या दिवशीं तो संघाच्या यादींत असला, तर २०२५ सालचे ३ कोटी ७० लक्ष डॉलर त्याला पक्के व्हावयाचे होते. त्याआधीं ते पक्के होण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मोठी दुखापत. दुखापतीमुळें तो मार्चमध्यें खेळण्यास असमर्थ ठरता, तर संघाला ती रक्कम चुकवितां आली नसती. बाकावर बसलेल्या माणसाचा गुडघा मोडत नाहीं. हें कलम बदलून द्यावें, न दिल्यास उरलेला हंगाम बसावें लागेल, असें आपणांस ऑक्टोबरच्या अखेरच्या सुमारासच सांगण्यांत आलें होतें, असें विल्सननें वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना उघड सांगितलें. प्रशिक्षकांचें म्हणणें, निर्णय खेळ सुधारावा म्हणूनच केला. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. पण त्या कलमाशिवाय तो निर्णय त्याच आठवड्यांत झाला असता कीं काय, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

मार्च २०२४ मध्यें विल्सनला मुक्त करण्यांत आलें. आतां खतावणीचें पान पाहूं, कारण सगळें मर्म त्यांत आहे. २०२२ सालीं सहीच्या वेळीं त्याला पांच कोटी डॉलर दिले होते. ते पांच वर्षांवर वांटलेले, म्हणजे वर्षाला एक कोटी. दोन वर्षांचे हप्ते फिटले होते, तीन कोटी राहिले. २०२३ सालीं आणखी दोन कोटी दिले होते. तेही पांच वर्षांवर, वर्षाला चाळीस लक्ष. एक हप्ता फिटला, एक कोटी साठ लक्ष राहिले. शिवाय २०२४ सालचे ३ कोटी ९० लक्ष हमीचे होते. ते खेळो वा न खेळो द्यावयाचेच. एकूण बेरीज साडेआठ कोटी डॉलर. कोणत्याही एका खेळाडूला सोडल्याबद्दल एवढी मृत रक्कम लीगच्या इतिहासांत तोंवर कोणत्याही संघावर बसली नव्हती.

एकाच वर्षीं एवढा भार उचलणें अशक्यच होतें. पण नियमांत एक पळवाट आहे. १ जूननंतर एखाद्याला सोडलें, किंवा मार्चमध्येंच सोडून तें जूननंतरचें समजावें असें लिहून दिलें, तर चालू वर्षाचा हप्ता चालू वर्षीं व उरलेले सगळे पुढील वर्षीं मांडतां येतात. ही सवलत वर्षाला दोनच खेळाडूंसाठीं. डेन्व्हरनें ती घेतली. म्हणून २०२४ सालीं ५ कोटी ३० लक्ष, आणि २०२५ सालीं ३ कोटी २० लक्ष. पहिला आंकडा त्या वर्षाच्या मर्यादेच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक होता. पांच रुपयांतला एक रुपया, घरीं नसलेल्या माणसाच्या नांवें.

मग त्याला ठेवूनच कां घेतलें नाहीं, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. ठेवला असता, तर तत्क्षणीं आणखी ३ कोटी ७० लक्ष पक्के झाले असते, आणि हाच प्रश्न पुढच्या मार्चमध्यें दुपटीनें मोठा होऊन उभा राहिला असता. गेलेल्या पैशांकडे पाहून पुढचे पैसे घालूं नयेत, हें व्यापारांतलें पहिलें सूत्र. तें पाळण्याइतकें धैर्य त्या कचेरींत होतें एवढें कबूल केलें पाहिजे.

विल्सननें पिट्सबर्गच्या संघाशीं करार केला, तोही अनुभवी खेळाडूला देतां येणाऱ्या किमान वेतनावर, १२ लक्ष १० हजार डॉलरवर. हा त्याचा त्याग नव्हता. नवा संघ जें देईल तें डेन्व्हरच्या देण्यांतून वजा व्हावयाचें होतें. म्हणजे पिट्सबर्गनें एक कोटी दिले असते तरी विल्सनच्या पदरांत एक छदामही अधिक पडला नसता. त्यामुळें पिट्सबर्गला सूत्रधार मिळाला जवळजवळ फुकट, आणि बाकीचे ३ कोटी ७८ लक्षांच्या आसपास डेन्व्हरनें भरले.

विल्सनची चिंता करण्याचें कोणास कारण नाहीं. या हिशेबाची झळ ज्यांना लागली ते निराळेच. जस्टिन सिमन्स हा डेन्व्हरच्या बचावफळींत सर्वांत मागें उभा राहणारा गडी. २०१६ सालीं तिसऱ्या फेरींत निवडला गेलेला, आठ वर्षें त्याच एका संघाचा. देशांतील सर्वोत्तम खेळाडूंच्या वार्षिक यादींत दुसऱ्या संघांत त्याचें नांव चार वेळां आलें होतें, आणि त्यांतील एक वेळ तर नुकत्याच संपलेल्या हंगामाची. त्याला विल्सनच्या आधीं सहा दिवस, ७ मार्च २०२४ रोजीं, मुक्त करण्यांत आलें. त्याच्या जाण्यानें त्या वर्षाच्या मर्यादेंत १ कोटी ४५ लक्ष डॉलरची जागा झाली. त्याच्या खेळांत उणें काढावें असें कांहीं नव्हतें. वय तिशीचें होतें, वेतन मोठें होतें, आणि हमी संपलेली होती. यादीवरून बोट फिरवितांना तें अशाच नांवावर थांबतें. पुढें ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याला नवें ठिकाण मिळालें नाहीं. मग अटलांटाच्या संघानें त्याला घेतलें.

जेरी ज्यूडी या चेंडू झेलणाऱ्या गड्याला क्लीव्हलंडला देऊन मोबदल्यांत पांचव्या व सहाव्या फेरीचे हक्क घेतले. तो २०२० सालीं पहिल्या फेरींत निवडलेला होता. चार वर्षांत त्याची किंमत एवढी उतरली. हा सौदा मात्र संघाला थोडा बोंचला असला पाहिजे. २ डिसेंबर २०२४ रोजीं क्लीव्हलंडचा संघ डेन्व्हरला खेळावयास आला, तेव्हां याच ज्यूडीनें चेंडू झेलून २३५ यार्ड मजल मारली. सामना डेन्व्हरनें ४१ विरुद्ध ३२ असा जिंकला, म्हणून बोभाटा कमी झाला इतकेंच. लॉइड कुशनबेरी हा फळीच्या मध्यभागीं उभा राहून क्वार्टरबॅकच्या हातीं चेंडू देणारा गडी. त्याच्या कराराची मुदत संपली होती. टेनेसीच्या संघानें त्याला चार वर्षांचे पांच कोटी देऊं केले. डेन्व्हरला त्या बोलींत भाग घेण्याचीही सोय नव्हती.

एप्रिलचा ड्राफ्ट आला. दुसऱ्या फेरीचा हक्क पेटन यांच्यासाठीं गेलेला. पण त्या वर्षीं पहिल्या फेरीचा, बारावा क्रमांक, हातीं होता. तेथें संघानें ऑरेगॉन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक बो निक्स याला निवडलें. त्याच्या आधींच्या अकरा निवडींत पांच क्वार्टरबॅक उचलले गेले होते. सहावा एवढ्या वर घेणें ही चूक, असें पुष्कळ जाणत्यांचें मत पडलें. निक्सचा करार चार वर्षांचा, एकूण सुमारें १ कोटी ८६ लक्ष डॉलरचा. विल्सनच्या वाढीव कराराची सरासरी वर्षाला साडेअठ्ठेचाळीस लक्षांच्या दसपट, म्हणजे ४ कोटी ८५ लक्ष पडत होती. निक्सची पडली साडेशेहेचाळीस लक्ष. गेलेल्याचें ओझें वाहून नव्याला पोसावयाचें असेल, तर नवा इतका स्वस्तच असावा लागतो. निक्सची निवड त्याच्या गुणांवर झाली हें मान्य करूनही, तरुणाखेरीज दुसरा कोणी त्या वहींत मावलाच नसता हें खरें आहे.

येथवर जीं नांवें आलीं तीं सगळीं सुखवस्तु मंडळी. ज्यांचें पोटच या यादीवर अवलंबून असतें ते जुलैच्या अखेरीस सराव-छावणींत भेटतात. उन्हाळ्यांत प्रत्येक संघाला नव्वद गडी ठेवतां येतात. हंगामाच्या आरंभीं त्रेपन्न उरले पाहिजेत. २०२४ सालीं ती मुदत २७ ऑगस्टची होती. एका संघांतून सदतीस, तर बत्तीस संघांतून जवळजवळ बाराशें तरुण एकाच आठवड्यांत बेकार होतात. ज्याला जावयाचें असेल त्याला बोलावण्यास संघाचा एक नोकर येतो. खेळाडूंच्या बोलींत त्याला फार दिवसांपासून 'टर्क' म्हणतात. 'प्रशिक्षकांनीं बोलावलें आहे, चालींची वही बरोबर घ्या', एवढाच निरोप. वही परत मागितली म्हणजे अर्थ कळून येतो.

सुटलेल्या सगळ्यांचा मार्ग सारखा नसतो. ज्याचे चार हंगाम पुरे झाले आहेत तो तत्काळ मोकळा होतो, वाटेल तेथें जाऊं शकतो. ज्याचे झाले नाहींत त्याचें नांव चोवीस तास इतर एकतीस संघांपुढें ठेवतात. कोणी मागितलें तर जुन्या करारासह त्याला तेथें गेलेंच पाहिजे, त्याची इच्छा विचारीत नाहींत. कोणीच मागितलें नाहीं, तर संघ त्याला सोळा जणांच्या सराव-तुकडींत थोड्या वेतनावर ठेवूं शकतो. आठवडाभर त्यानें येत्या प्रतिस्पर्ध्याच्या गड्यांची नक्कल करून आपल्याच साथीदारांचा सराव करून द्यावयाचा. या तुकडींतून वर चढलेलेही आहेत. डेन्व्हरचाच क्रिस हॅरिस याला २०११ च्या ड्राफ्टमध्यें कोणीच निवडलें नव्हतें. तो छावणींतून यादींत शिरला, आणि २०१६ चा सुपर बोल जिंकणाऱ्या बचावफळीचा एक खांब झाला.

टिम पॅट्रिकची हकीकतही अशीच सुरू झाली. २०१७ सालीं त्यालाही कोणी निवडलें नाहीं. दोन संघांचे दरवाजे पाहून तो डेन्व्हरच्या सराव-तुकडींत आला, आणि तेथून चढत चढत प्रमुख झेलणारा गडी झाला. २०२२ च्या छावणींत त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. सबंध हंगाम गेला. २०२३ च्या छावणींत टांचेचा स्नायु तुटला; तोही हंगाम गेला. २०२४ च्या छावणींत तो तिसऱ्यांदां उभा राहिला, धडधाकट राहिला, आणि शेवटच्या छाटणींत त्याला सोडलें. तरुण झेलणारे स्वस्त होते. डेट्रॉइटनें त्याला उचललें, आणि त्या संघानें त्या वर्षीं सतरांपैकीं पंधरा सामने जिंकले, त्यांत तो खेळला.

निक्सला पेटन यांनीं पहिल्या सामन्यापासूनच उभें केलें. योगायोगानें तो सामना सिअॅटलच्या मैदानावर होता, आणि तेथें डेन्व्हर हरलें. दुसऱ्या आठवड्यांत पिट्सबर्गचा संघ डेन्व्हरला आला. विल्सनची पोटरी दुखावली असल्यानें तो खेळला नाहीं. ज्याचें त्या वर्षाचें बहुतेक सगळें वेतन यजमान भरीत होते असा पाहुणा मैदानाच्या कडेला उभा राहून सामना पाहत होता. पिट्सबर्ग १३ विरुद्ध ६ असें जिंकलें. पण पुढें निक्सचा हात बसला. डेन्व्हरनें सतरांपैकीं दहा सामने जिंकले आणि २०१५ च्या हंगामानंतर प्रथमच बाद फेरी गांठली. तेथें बफेलोनें ३१ विरुद्ध ७ असें घरीं धाडलें.

२०२५ सालीं वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लक्ष डॉलरवर गेली. डेन्व्हरच्या पानावर त्यांतील ३ कोटी २० लक्ष विल्सनच्या नांवें अजून उभे होते. तो त्या वर्षीं न्यूयॉर्क जायंट्सच्या गणवेषांत होता.